स्मार्ट लेबल घ्यायचंय? आधी माल कसा बिघडतो ते लिहून काढा

रावेर तालुक्यात आमचं छोटं युनिट आहे, मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून चालवतो. केळीचे वेफर्स, शेंगदाण्याची चटणी आणि पनीर. तीन वर्षांपूर्वी एप्रिलात भुसावळच्या एका दुकानदार भाऊंचा फोन आला, वहिनी तुमचं पनीर आंबट लागतंय, दोन गिऱ्हाइकं परत देऊन गेली. पाकिटावरच्या तारखेला अजून तीन दिवस बाकी होते. आमचा फ्रीज बरोबर, दुकानातला फ्रीज चालू, टेम्पोवाला म्हणतो मी कुठे थांबलोच नाही. म्हणजे माल कुठेतरी तापला होता, पण कुठे आणि किती वेळ हे सांगायला कुणी नव्हतं. सगळा माल परत आणून टाकून दिला, आणि खरं सांगते, पैशापेक्षा जिवाला लागलं ते हे की त्यातलं काही पनीर कुणाच्या तरी लेकराच्या ताटात गेलं असणार.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं की रंग बदलणारी स्मार्ट लेबलं मिळतात, माल खराब झाला की कळतं. मी काही न विचारता एक हजार लेबलं मागवली आणि ती सगळी वाया गेली, कशी ते पुढे सांगते. मग वर्षभर विचारून, वाचून, पाकिटं फोडून फोडून जे समजलं ते इथे पायरी पायरीने लिहिते आहे. तुम्ही बचत गटातून पदार्थ बनवत असाल, डेअरी असेल, मसाला कांडप असेल, आणि लेबल लावायचा विचार असेल तर हे आधी वाचा, मग ऑर्डर द्या.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा

माझी जाऊ आशा वर्कर आहे. माझी लेबलं वाया गेली तेव्हा ती म्हणाली, ताई, हे तर आमच्या पोलिओच्या बाटलीवर असतंच की. डोसाच्या बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर डोस द्यायचा, चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. १९९६ पासून पोलिओच्या लसीवर ही खूण यायला लागली, आणि लाईट गेलेल्या, रस्ता नसलेल्या गावांतही हातातल्या बाटलीला किती उष्णता लागली ते बघून कळायला लागलं.

मी तिला विचारलं की म्हणजे लस खराब झाली की चौकोन गडद होतो का. ती म्हणाली नाही ताई, लसीचं त्याला काही माहीत नसतं, त्याला फक्त उष्णता किती लागली ते माहीत असतं. बाटलीत घाण गेली तरी चौकोन फिकाच राहील.

मला हे त्या दिवशी समजलं आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून समजावं म्हणून सांगते. बाजारात मिळणारं लेबल "दूषित झालं" हे ओळखत नाही. ते एकच गोष्ट ओळखतं: उष्णता, किंवा ओल, किंवा हवा, किंवा आंबटपणा, किंवा सडताना निघणारा वायू. ती गोष्ट आणि तुमच्या मालाचं बिघडणं यांचा मेळ तुम्हाला घालावा लागतो. थेट जंतू ओळखणारी लेबलं आहेत, पण मुख्यतः प्रयोगशाळेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१८ मध्ये ई. कोलाय हा पोट बिघडवणारा जंतू ओळखणारा पारदर्शक पॅच बनवला होता, जंतू भेटला की तो चमकतो. तुमच्या माझ्या पाकिटासाठी असं काही कुणी आज विकायला आला तर दहा वेळा विचार करा.

१. माल कसा बिघडतो ते आपल्या शब्दांत लिहा

वही घ्या. आपल्या भाषेत बिघडण्याला वेगवेगळे शब्द आहेत आणि घरातल्या म्हाताऱ्या बाया ते नेमके वापरतात. पापड, वेफर्स सादळतात. शेंगदाणे, तीळ, शेव खवट होतात. दूध नासतं. दही, पीठ, पनीर आंबतं. लोणचं, भाकरी यांना बुरशी धरते. मासळी, चिकन सडतं. हे शब्द गमतीसाठी सांगत नाहीये, प्रत्येक शब्दामागचं कारण वेगळं आहे आणि प्रत्येक कारणाला लेबल वेगळं लागतं.

सादळतं म्हणजे ओल शिरली. खवट होतं म्हणजे तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला, त्यात ऊन आणि उजेड असेल तर लवकर. आंबतं म्हणजे जंतूंनी आम्ल बनवलं, आणि ते जंतू वाढले कारण माल गरम राहिला, ५ ते ६० अंशांच्या मधला काळ त्यांच्यासाठी सुगीचा. सडतं म्हणजे प्रथिनं तुटून अमोनियासारखे वायू निघाले.

वहीत तीन रकाने करा: पदार्थ, पहिल्यांदा काय बिघडतं, कशामुळे. "पहिल्यांदा" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वेफर्स सादळतातही आणि खवटही होतात, पण आमच्याकडे पावसाळ्यात आधी सादळतात आणि वैशाखात आधी खवट होतात. जे आधी होतं ते पकडायचं.

२. त्याप्रमाणे लेबलचा प्रकार निवडा

उष्णता मोजणारं लेबल. किती अंशाला किती वेळ राहिलं याची बेरीज हे दाखवतं आणि रंग मागे फिरत नाही. पनीर, श्रीखंड, मासळी, चिकन, आईस्क्रीम, म्हणजे थंड ठेवावा लागतो तो माल, त्याला हे. पोलिओच्या बाटलीवरची खूण याच जातीची.

ओल दाखवणारं कार्ड. वेफर्स, पापड, मसाला, कळण्याचं पीठ, सुकवलेली भाजी यांना. यात सावध राहा, जुन्या पद्धतीची निळ्याची गुलाबी होणारी कार्डं कोबाल्ट क्लोराईडची असतात, ते विषारी आहे आणि खाण्याच्या मालाजवळ नकोच. कोबाल्ट नसलेलं मागा आणि तसं लेखी घ्या. दुसरी गोष्ट, बरीच कार्डं पुन्हा सुकली की पहिल्या रंगावर येतात, म्हणजे गोदामात महिनाभर ओल लागून गेली आणि तुम्ही बघितलं तेव्हा कार्ड म्हणतंय सगळं छान. एकदा बदललं की तसंच राहणारं कार्डही मिळतं, ते मागा.

ऑक्सिजन दाखवणारी गोळी किंवा पट्टी. ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकलेल्या पाकिटात ही चालते. नेहमीच्या प्रकारात ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली गेला की गुलाबी आणि ०.५ टक्क्याच्या वर गेला की निळी. आता यातला खड्डा बघा, कारण मी त्यात पडले. आमच्या वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतो. मला वाटलं नायट्रोजन भरला म्हणजे ऑक्सिजन गेला, गोळी गुलाबी होणार. एकही झाली नाही. साध्या मशीनने नायट्रोजन भरला तरी आत एक-दोन टक्के ऑक्सिजन राहूनच जातो, वेफर्सना तेवढा चालतो, पण गोळीला चालत नाही, ती निळीच राहणार. माझ्या पहिल्या हजारातली अर्धी लेबलं अशी गेली. नायट्रोजनच्या पाकिटाला ही गोळी लावू नका, तिथे पाकीट गळतंय का ते बघायला पाण्याची बादली पुरते, पाकीट बुडवून हलकं दाबा, बुडबुडे आले की सील कच्चं.

आणि एक, ओला पदार्थ, म्हणजे ठेचा, ओली चटणी, यात ऑक्सिजन शोषणारी पुडी स्वतःच्या मनाने टाकू नका. हवा नसलेल्या ओल्या जागेत वाढणारे जंतू वेगळे असतात, त्यांचं विष जिवावर बेतणारं असतं आणि वासाने कळेलच असं नाही. तिथे आधी फूड टेक्नॉलॉजीवाल्याला विचारा.

आंबटपणा किंवा वायू दाखवणारं लेबल. याचं तत्त्व आपल्या देवघरात आहे. हळदीत चुना घातला की लाल होते, कुंकू असंच बनवायचे. हळदीतला रंग अल्कली, म्हणजे चुना-सोड्यासारखी आम्लाच्या उलट गोष्ट, लागली की बदलतो. गोकर्णाची निळी फुलं, लाल कोबी, जांभूळ यांच्या रंगाचंही तसंच, लिंबू पिळलं की गुलाबी-जांभळा, सोडा घातला की हिरवट. मासळी किंवा चिकन सडताना जे वायू निघतात ते अल्कली बाजूचे, म्हणून झाकणाच्या आत लावलेल्या अशा पट्टीचा रंग बदलतो.

पण पनीरला मी हीच पट्टी लावली होती, झाकणाच्या आतून, आणि पनीर आंबून गेलं तरी पट्टी ढिम्म. हजारातली उरलेली अर्धी ही. नंतर एका डेअरीतल्या केमिस्टने समजावलं की दूध आंबवणारं लॅक्टिक आम्ल उडून वर जात नाही, ते पनीरमध्येच राहतं, पट्टी पनीरला टेकलेली नाही तर तिला कळणार कसं. काही प्रकारचे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वर जातो, त्याच्यावर चालणारी लेबलं असतात, इडलीच्या पिठासारख्या फुगणाऱ्या मालाला ती जमतात. म्हणून सप्लायरला एक प्रश्न विचाराच: तुमचं लेबल नेमकं कोणत्या वायूला रंग बदलतं, आणि माझ्या मालातून तो निघतो का? पनीरला शेवटी मी उष्णतेचंच लेबल घेतलं.

क्यूआर कोड. काही जण हाच स्मार्ट लेबल म्हणून विकतात. छापलेला क्यूआर कोड काहीही ओळखत नाही, तो फक्त माहितीच्या पानावर नेतो. बॅच नंबर शोधायला फार कामाचा आहे, लावा जरूर, पण त्याचे पैसे सेन्सरचे म्हणून देऊ नका.

३. सप्लायरकडून कागद घ्या, मगच पैसे

आधी सॅम्पल मागा, वीस-पंचवीस तरी. जो सॅम्पल देत नाही आणि डायरेक्ट दहा हजारांची ऑर्डर मागतो त्याला नमस्कार करा, कारण या लेबलांनाही एक्स्पायरी असते आणि लहान युनिटची दहा हजार संपायच्या आत ती मरतात.

हे कागद मागायचे:

- टेक्निकल डेटा शीट. यात लेबल कोणत्या अंशाला किती तासांनी बदलतं याचा तक्ता हवा. ५, १०, २५ आणि ४० अंश, चारही आकडे मागा. बरीच लेबलं थंड देशांसाठी बनवलेली असतात आणि तक्ता २५ अंशांवर संपतो. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, तिथे ते लेबल कसं वागेल हे कुणी बघितलेलंच नसतं.
- फूड ग्रेडचं, म्हणजे खाण्याच्या मालाला चालतं असं, लेखी पत्र. प्लास्टिक मालाला टेकणार असेल तर आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे मायग्रेशनचा रिपोर्ट, म्हणजे प्लास्टिकमधून मालात काय उतरतं ते. मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे.
- छपाईची शाई आयएस १५४९५ प्रमाणे आहे असं पत्र. छापील बाजू मालाला टेकू द्यायची नाही.
- लेबलची बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, आणि वापरायच्या आधी किती अंशाला ठेवायचं ते.

तुमच्याकडचे कागद: एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स, ते त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवरून निघतं आणि त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर लागतो, लहान उद्योगाच्या नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचा मालाचा अलीकडचा रिपोर्ट, आणि बॅच रजिस्टर. लेबलवाल्याला याची गरज नसते पण उद्या तक्रार आली तर तुम्हाला आहे.

४. लेबलं आली की लगेच काय करायचं

पार्सल कुठे ठेवलं हे विचारा. खरंच. उष्णतेची काही लेबलं कारखान्यातून निघाली की लगेच मोजायला लागतात, ती फ्रीझरमध्येच ठेवावी लागतात आणि बर्फात यावी लागतात. माझं दुसऱ्या वेळचं सॅम्पल मे महिन्यात आलं, कुरियरवाल्याने ते दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, मी पाकीट उघडलं तर सगळी लेबलं आधीच गडद. दुसऱ्या प्रकारात लेबल झोपलेलं असतं, दाबून किंवा पट्टी ओढून किंवा खास दिव्याखाली धरून चालू करावं लागतं. लहान युनिटला हाच प्रकार घ्या, थोडा महाग पडला तरी. पहिल्या प्रकाराला लागणारा फ्रीझर आणि लाईट यांची हमी आमच्या भागात उन्हाळ्यात देता येत नाही.

आल्या आल्या पाकिटावर तारीख टाका, बारा लेबलं बाजूला काढा, चाचणीसाठी.

५. आपल्या घरी, आपल्या उन्हात चाचणी घ्या

हीच पायरी लोक गाळतात, आणि सगळं काम या पायरीत आहे. लागणारं सामान साधं आहे:

- दोन थर्मामीटर, खुपसायची सुई असलेले
- घट्ट झाकणाचे चार-पाच डबे
- मीठ, बर्फ, मार्कर पेन, वही
- गोकर्णाची फुलं आणि गाळणीचा कागद, हौस असेल तर

आधी थर्मामीटर तपासा. बर्फ बारीक ठेचून ग्लासात भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, सुई मधोमध धरा, शून्य दाखवायला हवं. आमच्या दोनपैकी एक तीन अंश चुकत होता आणि त्याच्यावर आम्ही वर्षभर फ्रीज चालवला होता.

ओलीचं कार्ड तपासायचं तर वाटीत मीठ घ्या, पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वाटी डब्यात ठेवा, कार्ड वर लटकवा, झाकण घट्ट लावून एक दिवस ठेवा. ओल्या मिठाच्या वर बंद डब्यात दमटपणा साधारण ७५ टक्के राहतो, हा निसर्गाचा ठरलेला आकडा आहे, म्हणून कार्डावरची ६० पर्यंतची सगळी ठिपकी बदललीच पाहिजेत. नाही बदलली तर कार्ड परत पाठवा.

उष्णतेच्या लेबलसाठी मी असं केलं. एकाच बॅचची बारा पाकिटं घेतली, प्रत्येकावर लेबल चालू केलं. चार फ्रीजमध्ये, चार ओट्यावर, चार थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक घालून टेम्पोच्या मागे, दुपारी. दर दोन तासांनी लेबलचा फोटो, आत सुई खुपसून तापमान, आणि एकेक पाकीट फोडून वास आणि हाताला लागणारा चिकटपणा बघून वहीत लिहिलं. संशय आलेला माल चाखून बघू नका, कितीही मोह झाला तरी. शेवटी तीन पाकिटं, एक चांगलं, एक मधलं, एक लेबल बदललेलं, लॅबला दिली आणि जंतूंची संख्या, कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण असलेले जंतू), यीस्ट-मोल्ड (बुरशी) हे तपासायला सांगितलं.

यातून बघायचं काय तर दोघांची धाव सारखी आहे का. पनीर जेवढ्या वेगाने बिघडतं तेवढ्याच वेगाने लेबल बदलायला हवं, फ्रीजमध्येही आणि उन्हातही. काही लेबलं ५ अंशाला बरोबर चालतात पण ४० ला माल आधी नासतो आणि लेबल चार तासांनी जागं होतं, ते लेबल धोक्याचं, कारण ते खोटा भरवसा देतं. लेबल मालाच्या जरासं आधी बदललं पाहिजे. खूप आधी बदललं तर चांगला माल फेकाल, उशिरा बदललं तर माणसं आजारी पडतील, आणि यातलं दुसरं कधीच परवडत नाही. मी तीन सप्लायर बदलले तेव्हा एकाचं जमलं.

ही चाचणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा घ्या. एकदाच घेऊन थांबू नका.

गोकर्णाचा प्रयोग समजून घेण्यासाठी फार छान आहे, आम्ही गटातल्या बायांना तोच दाखवतो. मूठभर फुलं गरम पाण्यात भिजवा, निळं पाणी गाळा, त्यात कागद बुडवून सावलीत सुकवा, पट्ट्या कापा. एक पट्टी लिंबात, एक खायच्या सोड्याच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात बुडवली की रंग समोर दिसतो. चिकनचा तुकडा डब्यात ठेवून झाकणाला आतून ओलसर पट्टी चिकटवा आणि बाहेर ठेवा, दुसऱ्या दिवशी पट्टी हिरवटीकडे गेलेली असते. मग तुकडा पुरून टाका, डबा आणि हात साबणाने धुवा. पण ही घरची पट्टी विकायच्या पाकिटात घालायची नाही, ती फूड ग्रेड नाही आणि उजेडानेही तिचा रंग उडतो.

६. कुठे चिकटवायचं

लेबल पाकिटाच्या किमतीच्या मानाने महाग पडतं, त्यामुळे लहान पाकिटाला परवडत नाही. आम्ही क्रेटला लावतो, एका क्रेटला दोन. सुरुवातीला एकच लावायचो, आइस पॅकच्या शेजारी, आणि ते कायम छान दिसायचं, आणि वरच्या कोपऱ्यातली पाकिटं मात्र ताडपत्रीला लागून तापलेली. लेबल सगळ्यात गरम जागी लावायचं. ती जागा शोधायला एक दिवस रिकाम्या फेरीत क्रेटच्या चारही कोपऱ्यांत थर्मामीटर ठेवून बघा.

पाकिटावर लावत असाल तर २०२० च्या लेबलिंग नियमात जे छापावं लागतं, हिरवा ठिपका, लायसन्स नंबर, बॅच, तारीख, वजन, घटक, किंमत, यातलं काहीही झाकलं जाता कामा नये. लेबल लावलं म्हणून तारीख छापायची सुट्टी मिळत नाही. आणि "हे लेबल हिरवं म्हणजे माल १०० टक्के सुरक्षित" असं कुठेही छापू नका, ते खरं नाही आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आम्ही एवढंच छापतो: चौकोन गडद झाला असेल तर माल घेऊ नका, फोन करा.

७. लेबल जे पकडत नाही ते दुसरीकडे पकडा

ही पायरी मी मुद्दाम लांब लिहिते, कारण लेबल लावल्यावर लोक निर्धास्त होतात, आम्हीही झालो होतो.

शेंगदाण्यात ओल राहिली तर एक बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि भाजून ते पूर्ण जात नाही. एकही लेबल ते दाखवत नाही. त्यावर उपाय दाणे घेताना आहे: ओलावा मोजायचं मीटर, दाण्यात ७-८ टक्क्यांच्या वर असेल तर घ्यायचे नाहीत, काळे, सुरकुतलेले, बुरसटलेले दाणे हाताने निवडून काढायचे, आणि वर्षातून ठरवून लॅबला द्यायचे. आमच्या सासूबाई सुपात दाणे पाखडताना जे बारके कुचके दाणे बाजूला काढायच्या ते काम आजही मशीनपेक्षा चांगलं होतं.

साल्मोनेलासारखे जंतू मालाचा वास, चव, रंग न बदलता माणसाला आडवं करतात. लेबल गप्प राहतं. त्याला हात धुणं, पाणी, कच्चा माल आणि तयार माल वेगळा ठेवणं, जुलाब होत असलेल्या बाईला त्या दिवशी पगारी सुट्टी देणं हेच औषध आहे. पगारी लिहिलंय ते मुद्दाम, पगार कापला तर ती सांगणारच नाही.

मिरचीत रंगाची भेसळ, मसाल्यात विटेची भुकटी, हळदीत शिशाचा रंग, यातलं काही लेबलला कळत नाही. नंदुरबारच्या बाजारातून अख्खी मिरची आणून स्वतः कांडली तर निदान भुकटीतल्या भेसळीची चिंता मिटते. गिरणीतून आलेले लोखंडाचे कण चुंबकाने काढावे लागतात. आणि पॅकिंगला वर्तमानपत्र कधीच नको, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला बंदी आहे, शाई तेलात उतरते. अजूनही आपल्याकडे भजी त्यातच देतात, बघून वाईट वाटतं.

८. दुकानदाराला शिकवा

लेबल वाचता आलं नाही तर लावून उपयोग नाही. आम्ही दुकानात जाऊन लेबल हातात देऊन दाखवतो, आणि शेजारी नमुन्याचा रंग छापलेला असतो, म्हणजे आठवणीवर ठरवायला नको. पिवळ्या बल्बखाली रंग चुकीचा दिसतो, दाराशी उजेडात आणून बघा म्हणून सांगतो. काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, म्हणून फिका ते गडद असं लेबल घेतलं तर बरं.

दुकानदारांची भीती एकच असते, लेबल बदललं तर नुकसान कुणाचं. हे आधीच बोलून ठेवा. आमचं ठरलंय की माल उतरवताना गडद असेल तर आमचं, तिथेच परत. हे सांगितल्यापासून भाऊ लोक स्वतःहून बघतात.

९. रंग बदलला तर

त्या क्रेटमधला माल विकायचा नाही, "वास तर चांगला येतोय" म्हणूनही नाही. लेबलचा फोटो, क्रेट नंबर, बॅच, वेळ, जागा वहीत. त्याच बॅचचे बाकीचे क्रेट कुठे गेले ते रजिस्टरवरून काढून फोन करायचा. माल खरंच असुरक्षित आहे असं कळलं तर तो बाजारातून परत बोलावणं कायद्याने आपलं काम आहे, २०१७ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. ग्राहक म्हणून तक्रार करायची असेल तर एफएसएसएआयचा टोल फ्री नंबर १८००११२१०० आहे, पाकीट, बिल आणि फोटो जपून ठेवा.

आमच्या रजिस्टरमध्ये आठ रकाने आहेत: तारीख, बॅच, क्रेट नंबर, निघताना वेळ आणि तापमान, पोहोचताना वेळ आणि तापमान, लेबलचा रंग, कुणी बघितलं, शेरा. पहिल्या उन्हाळ्यात यातूनच आमचं भुसावळचं कोडं सुटलं. गडद झालेले क्रेट जवळपास सगळे मंगळवारचे होते. मंगळवारी टेम्पोवाल्या दादाकडे दुसऱ्या एका गावचा माल असायचा, तो चढवेपर्यंत आमचे क्रेट पाऊण तास रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवून ठेवलेले असायचे. तो म्हणाला होता मी कुठे थांबलो नाही, आणि त्याच्या हिशोबाने ते खरं होतं, माल चढवणं म्हणजे थांबणं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही भांडलो नाही, वही दाखवली. आता मंगळवारी आमचा माल शेवटी चढतो, आणि पहाटे साडेपाचला निघतो.